दोन हजार वर्षांची चढण

शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत बर्फ पडत नाही. गुलमर्गला किंवा औलीला डोंगराचा उतार म्हणजे पायांना पट्ट्या बांधून घसरत यायची जागा. तिथे स्कीइंगचे आपापले नामवंत झाले, त्यांच्या कहाण्या सांगितल्या जातात. ठाणे जिल्ह्याच्या या पूर्व टोकाला सह्याद्रीने तसा उतार ठेवलाच नाही. सिद्धगडापासून कसाऱ्यापर्यंत कुठूनही पूर्वेला मान वर केली की काळ्या कातळाची उभी भिंत दिसते. नाणेघाट, कोकणकडा, आजोबाचा डोंगर हे त्या भिंतीचेच भाग. गोरखगड आणि माहुली तिच्यापासून सुटून पुढे आलेले. इथला वारसा चढणाऱ्यांचा.

आज तुम्हाला त्यांच्याकडे जायचं आहे, ज्याच्या-त्याच्या काळात आणि ज्याच्या-त्याच्या चढणीवर. प्रवासाला एक अट आहे. तुम्ही कुठल्याही नामांकिताच्या अंगात शिरणार नाही. प्रत्येक मुक्कामावर तुम्ही त्याच्या शेजारी असाल, कधी ओझं वाहणारे, कधी दोर धरणारे, कधी भाकरी पोचवणारे. पाण्याची बाटली घ्या, पण बूट इथेच ठेवा. ते तुम्हाला बराच काळ मिळणार नाहीत.

नाणेघाट, सातवाहनांचा काळ

पाठीवर गोणी आहे आणि तळपायाखाली दगड तापलाय. आज जिथे मुरबाडच्या पुढचं वैशाखरे गाव आहे, तिथलं रान पहाटे मागे पडलं. कल्याण आणि सोपाऱ्याच्या बंदरांवर उतरलेला माल वर जुन्नरला आणि तिथून पैठणला जायचा आहे. समुद्र आणि राजधानी यांच्यामध्ये ही भिंत उभी आहे, आणि भिंतीला ही एक चीर. तिच्यात कोणीतरी दगड रचून, कातळ फोडून पायऱ्या केल्या आहेत. कोणी केल्या ते तुमच्या तांड्यातल्या म्हाताऱ्यालाही ठाऊक नाही. तो फक्त एवढंच सांगतो, "ओझं कातळाच्या बाजूला ठेव. दरीच्या बाजूला झोक गेला तर बैलही सावरत नाही."

चीर अरुंद होत जाते, वारा जोर धरतो आणि माथ्याच्या जरा अलीकडे उजेडात एक चौकोनी लेणं उघडतं. सावलीला शिराल तेव्हा आधी घाबराल, कारण समोरच्या भिंतीवर माणसं उभी आहेत. दगडातून काढलेल्या पुरुषभर उंचीच्या आठ मूर्ती, प्रत्येकीच्या डोक्यावर नाव. सातवाहन घराण्याचा मूळपुरुष सिमुक, राणी नागनिका, तिचा पती राजा सातकर्णी, पुढे राजकुमार, मधे एक महारठी. डाव्या-उजव्या भिंतींवर अक्षरांच्या ओळीच ओळी. तुम्हाला ब्राह्मी वाचता येत नाही, पण जकातीपाशी बसलेला कारकून हौसेने वाचून दाखवतो. देवतांना नमन, मग यज्ञांची यादी: राजसूय झाला, अश्वमेध दोनदा झाला. त्यानंतर दक्षिणेचे आकडे येतात. एका यज्ञाला १,७०० गाई आणि १० हत्ती.

हे आकडे अक्षरांत नाहीत, अंकांत कोरलेत. भारतात अंक कसे लिहीत, याच्या अगदी जुन्या पुराव्यांत हा लेख मोडतो. तुम्हाला मात्र त्यातलं वेगळंच जाणवेल. राणीने हा लेख कोरायला ना पैठण निवडलं, ना जुन्नर. तिने घाट निवडला. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक व्यापाऱ्याला, हमालाला, भिक्षूला इथे दम घ्यायला थांबावंच लागतं, हे तिला पक्कं माहीत होतं. चढण जिथे माणसाला थांबवते तिथेच तिने घराण्याची ओळख लिहून ठेवली.

बाहेर दगडाच्या रांजणाशी तुमची जकात चुकती होते. तुमचं नाव कोणी विचारत नाही.

माहुली, १६७०

आता शहापूरच्या बाजूला या. आसनगावच्या उत्तरेला तीन गडांची एक लांबलचक ओळ आहे: पळसगड, माहुली, भंडारगड. सुमारे चौतीस वर्षांपूर्वी, १६३६ मध्ये, शहाजीराजांनी बुडती निजामशाही सावरायची शेवटची धडपड याच गडावरून केली होती. मोगल आणि आदिलशाही फौजांनी मिळून वेढा घातला आणि तो डाव संपला. पुढे शिवाजी महाराजांनी गड घेतला आणि १६६५ च्या पुरंदर तहात तो पुन्हा मोगलांना गेला.

फेब्रुवारीची रात्र आहे. तुम्ही कमरेला तलवार आणि खांद्यावर दोराच्या शिडीचं भेंडोळं घेऊन कातळाला चिकटून आहात. कीर्तनात ऐकलेली घोरपड इथे कुठेही दिसत नाही. जे काम आहे ते बोटांचं. खबदाडीत बोटं घालायची, वजन पायावर ठेवायचं, वरच्याने टाच हलवली की खालच्याने डोकं बाजूला घ्यायचं. फेब्रुवारीत कातळ कोरडा असतो, ही एक जमेची बाजू. दुसरी कुठलीच नाही. गडाचा किल्लेदार मनोहरदास गौड जागा आहे.

वरून पहिला दगड येतो तेव्हा तुम्हाला तो आधी ऐकू येतो. मग आरोळी, मशाली आणि माणसं कोसळल्याचा आवाज. शिड्या सुटतात. तुम्ही खाली कसे आलात ते तुम्हाला पुढे कधीच सांगता येणार नाही. सकाळी रानात जमता तेव्हा ओळखीची कितीतरी तोंडं नसतात.

गौडाने ही चढाई मोडली, पण गड फार काळ टिकणार नाही हे त्यानेही ओळखलं असावं. थोड्याच दिवसांत त्याने किल्लेदारी सोडली आणि त्याच्या जागी अलिवर्दी बेग आला. मग मोरोपंत पिंगळ्यांनी दोन महिने वेढा घातला आणि १६ जून १६७० रोजी तिन्ही गड स्वराज्यात आले. जूनच्या मध्यावर इथे पावसाची पहिली झोड उठते. ओल्या कातळावर एक शिडीही टिकत नाही, आणि वेढ्यातली फौज रानात कुजते. आठवडा-दोन आठवडे उशीर झाला असता तर हिशेब बदलला असता.

बखरीत आणि कागदपत्रांत या गडापाशी दोन नावं ठळक आहेत, गौड आणि पिंगळे. एकाने कडा राखला, दुसऱ्याने कड्यावर चढायची गरजच उरू दिली नाही. कड्यावर चढलेले तुम्ही दोन्हीकडे नाही.

नाणेघाट आणि कोकणकडा, १८२८ च्या आगेमागे

तुमच्या पायात आता वहाणा आहेत. हातात चामड्याच्या पेटीत काचेची एक लांब नळी आहे आणि तिच्यात पारा. पेटी आपटली तर तुमची धडगत नाही, हे निघताना तीनदा सांगितलं गेलंय. साहेबाचं नाव विल्यम हेन्री साईक्स. मुंबई सरकारचा सांख्यिकी अधिकारी. दख्खनमधली गावं, पिकं, माणसं, पक्षी, मासे, पाऊस आणि डोंगरांच्या उंच्या मोजत फिरणारा. पाऱ्याची पातळी किती उतरली त्यावरून तो डोंगर किती चढला ते काढतो. तुम्हाला ते पोटऱ्यांवरूनच कळतं.

१८२८ च्या उन्हाळ्यात तो नाणेघाटातल्या त्या लेण्यात शिरतो. तुम्हीही मागोमाग शिरा आणि मागच्या खेपेला पाहिलेल्या आठ मूर्ती शोधा. त्या नाहीत. भिंतीवर पावलांच्या आसपासचे काही अवशेष उरलेत आणि वर नावं. देह गेले, नावं राहिली. अक्षरं वाचणारं कोणी राहिलेलं नाही. गुराखी इथे पावसात थांबतात, यात्रेकरू रात्र काढतात. साईक्स ओळी उतरवून घेतो.

त्याच्या नकलेवरून जेम्स प्रिन्सेपने १८३८ मध्ये लेख छापला. पण मूर्तींच्या डोक्यावरच्या नावांचा नीट उलगडा व्हायला पंडित भगवानलाल इंद्रजी यावे लागले. मूळचे जुनागढचे, मुंबईत डॉ. भाऊ दाजी लाड यांच्या हाताखाली शिलालेख वाचायला शिकलेले. गुहा, घाट, डोंगर पायांनी तुडवत त्यांनी लेखांचे ठसे घेतले. १८८३ मध्ये जॉर्ज ब्यूलरने हा लेख प्रसिद्ध केला तेव्हा नागनिका पुन्हा बोलती झाली. दोन हजार वर्षांपूर्वी घाटात ठेवलेला निरोप घाट चढून आलेल्यांनीच उचलला.

साईक्सबरोबर आणखी एक चढण करा. हरिश्चंद्रगडाचा पश्चिमेचा कडा, खाली मुरबाड तालुक्यातलं बेलपाडा. आज ज्याला आपण कोकणकडा म्हणतो तो हाच, मधे आत वळलेला, वाटी उभी धरावी तसा. पावसाळी हवेत सूर्य पाठीशी आहे आणि दरी धुक्याने गच्च भरली आहे. तुम्ही पेटी सांभाळत कडेला येता आणि धुक्यावर तुमची सावली पडते. तिच्या डोक्याभोवती सात रंगांचं पूर्ण वर्तुळ. इंद्रवज्र.

साईक्सही ते बघतो आहे. पुढे १८३५ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने छापलेल्या दख्खनच्या हवामानावरील निबंधात त्याने ही गोलाकार इंद्रधनुष्यं नोंदवली, आणि म्हणून कोकणकड्यावरच्या इंद्रवज्राची गोष्ट निघाली की आजही त्याचं नाव येतं. पण या दृश्याचं शास्त्र मोठं गमतीचं आहे. धुक्याच्या बारीक थेंबांवरून प्रकाश उलट फिरतो आणि सूर्याच्या बरोबर विरुद्ध बिंदूभोवती वलयं दिसतात. तो बिंदू बघणाऱ्याच्या स्वतःच्या डोक्याच्या सावलीत असतो. म्हणजे साईक्सला त्याच्या डोक्याभोवती प्रभा दिसली आणि त्याच क्षणी, त्याच कड्यावर, पेटी धरून उभ्या असलेल्या तुम्हाला तुमच्या. तुमच्या डोक्यामागचं तेज त्याला दिसूच शकत नव्हतं. कड्याखालच्या आणि माथ्यावरच्या वाड्यांतल्या माणसांनी हे दृश्य त्याच्या आधी किती पावसाळे पाहिलं असेल! त्यांच्याजवळ निबंध नव्हता, म्हणून तारीखही नाही.

सिद्धगड, २ जानेवारी १९४३

थंडी आहे. काही आठवड्यांत मुरबाडजवळच्या म्हसा गावची यात्रा भरेल. गुरांचा बाजार, घोंगड्या, पाळणे. पण या वर्षी नारिवलीच्या पुढच्या रानात वेगळीच धास्ती आहे. तुम्ही फडक्यात भाकऱ्या आणि मिरचीचा ठेचा बांधून ओढ्याच्या कडेने वर निघाला आहात. वाट मुद्दाम मोडलेली आहे. गवत दाबलेलं दिसू नये म्हणून दगडावरून दगडावर जायचं, हे तुम्हाला कोणी शिकवलं नाही. शिकारीला जाताना वडील असेच जायचे.

ज्यांच्यासाठी भाकरी चालली आहे तो माणूस वकील आहे. विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, सगळ्यांचे भाई. १९१२ मध्ये माथेरानला जन्मलेले. शेतकऱ्यांना सावकाराच्या दारात जावं लागू नये म्हणून धान्याच्या कोठ्या काढणारे. १९४२ च्या ऑगस्टनंतर ते भूमिगत झाले आणि त्यांच्या आझाद दस्त्याने मुंबईकडे वीज नेणारे मनोरे करवतीने कापून पाडायला सुरुवात केली. डोंगरातले मनोरे पडले की शहरातल्या गिरण्या थांबत. माथेरानच्या डोंगरात वाढलेल्या माणसाला कुठल्या धारेवर रात्री चालता येतं आणि कुठल्या घळीत दिवसा लपता येतं हे कळत होतं. दस्त्यातले तरुण आसपासच्या गावांतले होते आणि त्यांची पावलं या रानाला ओळखत होती.

तुम्ही अजून तळापर्यंत पोचलेले नाही. पहाटेचा उजेड फुटतोय आणि वरून गोळीचा आवाज येतो. मग एकामागून एक. हॉल नावाच्या पोलीस अधिकाऱ्याच्या तुकडीने तळ वेढला आहे. दस्त्यातले हिराजी पाटील पडतात. भाई कोतवालही पडतात, वयाच्या अवघ्या तिसाव्या वर्षी.

हाच सिद्धगड आज ट्रेकर मंडळींच्या यादीत अवघड चढणीचा किल्ला म्हणून असतो. उंची, पाण्याची टाकी, लागणारा वेळ, बसचा मार्ग अशी सगळी माहिती मिळते. दर वर्षी २ जानेवारीला हुतात्मा स्मारकापाशी माणसं जमतात, मशाली येतात. त्या दिवशी गेलात तर कळेल की इथल्या गावांच्या हिशेबात या डोंगराची मोठी चढाई सुळक्यावरची नव्हती. ती या ओढ्यापर्यंतची होती.

आसनगाव, १९७७ च्या आसपासचा एक शनिवार

आता पायात हंटर शूज आहेत. कॅनव्हासचे, रबरी तळव्याचे, पावसात पाणी भरणारे आणि उन्हात पाय शिजवणारे, पण कातळावर पकड घेणारे. पाठीवर लष्करी बाजारातून घेतलेली सॅक. कसाऱ्याकडे जाणाऱ्या रात्रीच्या गाडीतून तुम्ही आसनगावला उतरलात, फलाटावरच आडवे झालात आणि पहाटे माहुलीच्या वाटेला लागलात. सोमवारी नऊला कचेरीत हजर व्हायचं आहे.

तुमच्या पिढीला हा नाद लागला त्यामागे जगातली एक घटना आहे आणि घरातली अनेक कारणं. २९ मे १९५३ रोजी तेनसिंग आणि हिलरी एव्हरेस्टवर पोचले. १९५४ मध्ये दार्जिलिंगला गिर्यारोहण संस्था निघाली आणि त्याच वर्षी मुंबईत गिरिविहार हा क्लब सुरू झाला. हिमालय महाग आणि लांब. सह्याद्री मात्र दीड-दोन तासांच्या लोकल प्रवासावर. दुसऱ्या वर्गाच्या तिकिटात गाठता येणारे कडे जगातल्या फार थोड्या महानगरांच्या वाट्याला आले असतील.

माहुलीच्या दक्षिण टोकाला सुळक्यांची वरात उभी आहे: नवरा, नवरी, करवली आणि भटोबा. शेजारी वजीर. तुमच्यातला पुढचा गडी एका सुळक्यावर दोन पुरुष उंच गेला आहे. दोर तुमच्या कमरेवरून फिरवून तुम्ही बिले, म्हणजे तो पडला तर झेलणारा आधार, देताय. तो लोहाराकडून घडवून आणलेली मेख फटीत घालतो आणि हातोड्याने ठोकतो. प्रत्येक ठोक्याचा सूर वर चढत गेला तर मेख घट्ट बसतेय. सूर बद्द झाला की फट पोकळ. सह्याद्रीचा बेसॉल्ट लाव्हाच्या थरांनी बनला आहे. एक थर टणक, त्याच्यावरचा ठिसूळ. आल्प्सच्या पुस्तकातलं तंत्र इथे जसंच्या तसं चालत नाही. ते इथेच, याच दगडावर, सुटलेल्या मेखा मोजत शिकावं लागलं.

खाली करवंदीच्या जाळीपाशी पायथ्याच्या वाडीतला एक ठाकर म्हातारा विळा घेऊन बसलाय. त्याला तुमच्या दोराची गंमत वाटते.

"वर काय आहे रे, बाबा?"

"काही नाही, मामा. चढायचं म्हणून चढायचं."

"मग डावीकडून जा. मधाच्या पोळ्यांना आम्ही तिकडूनच जातो. उजवीकडचा दगड सुटतो."

तुमचा पुढचा गडी डावीकडे सरकतो. मेख गाते.

याच वर्षांत दोन प्रकारची माणसं हा वारसा बांधत आहेत. एक लिहिणारी. गो. नी. दांडेकर गडांवर राहून, पायपीट करून मराठी वाचकाला किल्ल्यांचं वेड लावत आहेत. हरीश कपाडिया यांचं सह्याद्रीतल्या पदभ्रमणावरचं इंग्रजी पुस्तक १९७७ चं. गाडी कुठली, गाव कुठलं, पाणी कुठे, वाट कशी, हे सगळं त्यात नीट मांडलेलं. पुढे हिमालयातल्या शोधयात्रांसाठी लंडनच्या रॉयल जिओग्राफिकल सोसायटीने २००३ मध्ये त्यांना पदक दिलं, पण त्यांच्या पायांची तालीम या डोंगरांत झालेली. दुसरी माणसं घडवणारी. क्लबांतल्या ज्येष्ठांनी शनिवार-रविवार घालवून पोरांना गाठी मारायला शिकवल्या. दोर कुठे घासतो, पडणाऱ्याला कसं झेलायचं, परत फिरण्याचा निर्णय कधी घ्यायचा हे शिकवलं. त्या तालमीतून १९८८ मध्ये वसंत लिमये यांच्या नेतृत्वाखाली गिरिविहारची कांचनगंगा मोहीम निघाली, आणि १९९८ मध्ये हृषीकेश यादव यांच्या मोहिमेतून सुरेंद्र चव्हाण एव्हरेस्टच्या माथ्यावर पोचले, असे पहिले मराठी गिर्यारोहक.

८,००० मीटरच्या वाटेवर त्यांना बर्फ भेटलं. पायावर वजन ठेवायची सवय मात्र कातळाने लावलेली होती.

माळशेज ते कसारा, मे २००९

या मुक्कामाला तुम्हाला कोणाचीच सोबत नाही. किंबहुना ज्याच्या मागे चालायचं आहे त्याला तुमची सोबत नको आहे.

पारनेर तालुक्यातल्या टाकळी ढोकेश्वरजवळ विहिरीत पडलेला एक वयस्क बिबट्या वनखात्याने वर काढला. वन्यजीव संशोधक विद्या अत्रेया यांच्या चमूने त्याच्या गळ्यात जीपीएसचा पट्टा बांधला आणि त्याला माळशेज घाटात सोडलं. चमूने त्याचं नाव ठेवलं आजोबा. महिन्याच्या आत तो जवळपास १२० किलोमीटर चालून मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या रानापर्यंत पोचला. घाटाच्या भिंतीखालून उत्तरेला, मुंबई-आग्रा महामार्ग ओलांडून, कसाऱ्याचे रूळ पार करून, पश्चिमेला वळून वसईच्या खाडीपलीकडे. चालला बहुतेक रात्री, माणसांच्या अगदी जवळून आणि माणसांना न दिसता.

२०११ मध्ये महामार्गावर वाहनाच्या धडकेत तो गेला. २०१४ मध्ये त्याच्यावर मराठी चित्रपट आला. आता त्याच्या मार्गाचा नकाशा डोळ्यांसमोर धरा. माळशेजच्या रानातून मुंबईकडे जाणारा तो पहिला बिबट्या असेल असं मानायचं काहीच कारण नाही. नोंद झालेला मात्र तो पहिलाच. गळ्यात पट्टा होता म्हणून त्याची वाट आपल्याला कळली आणि त्याला नाव मिळालं. एवढे मुक्काम करून आलेल्या तुम्हाला ही गोष्ट ओळखीची वाटेल.

बेलपाडा, जानेवारी २०२०

शेवटचा मुक्काम. पायात आता घट्ट, टोकाला निमुळते रबरी क्लाइंबिंग शूज आहेत, कमरेला हार्नेस, डोक्यावर हेल्मेट. समोर तोच कडा, ज्याच्या माथ्यावर तुम्ही पाऱ्याची पेटी धरून उभे होता. हरिश्चंद्रगडाची उंची १,४२४ मीटर. त्याची ही पश्चिम बाजू एका झेपेत कोकणात उतरते. मधला पोटाचा भाग आत गेलेला असल्यामुळे वरून सोडलेला दोर बरंच अंतर कातळाला शिवतच नाही. १९८० च्या दशकात मुंबईच्या गिर्यारोहकांनी हा कडा पहिल्यांदा खालून चढून दाखवला, आणि तेव्हापासून सह्याद्रीत पुढे जाऊ बघणाऱ्या प्रत्येकाच्या मनात त्याने घर केलं.

अरुण सावंत या कड्याचे जुने भिडू. दोराने उतरण्याचं, दरी ओलांडण्याचं तंत्र त्यांनी मराठी मुलांच्या दोन पिढ्यांना शिकवलं. १८ जानेवारी २०२० च्या शनिवारी ते एका चमूसोबत कोकणकड्याजवळच्या माकडनाळेत रॅपलिंगसाठी आले होते. तिथेच ते दरीत कोसळले. रात्रभर त्यांचा पत्ता नव्हता. दुसऱ्या दिवशी मृतदेह सापडला.

तुम्ही शोधाला निघालेल्यांत आहात. पुढे बेलपाड्यातले दोन तरुण आहेत, हातात विजेरी आणि कोयता. गावातून गडावर चढणाऱ्या नळीच्या वाटेचे दगड त्यांना अंधारातही पाठ आहेत. दोरवाल्यांची तुकडी वरून, गावकरी खालून. मुंबई, ठाणे, पुणे, नाशिक इथून गिर्यारोहकांचे फोन येत आहेत, गाड्या निघाल्या आहेत. ज्यांनी सावंतांकडून पहिली गाठ शिकली त्यांच्यातलेच काहीजण आज त्या गाठी मारत आहेत. चढणीचा वारसा म्हणजे नेमकं काय, हे या रात्रीइतकं स्पष्ट पुन्हा दिसणार नाही. एका बाजूला साठ-पासष्ट वर्षांत क्लबांनी साठवलेलं तंत्र आहे. दुसऱ्या बाजूला मध, गवत, गुरं आणि लाकूडफाटा यांच्यामागे फिरताना वाडीला कळलेली वाट आहे. यातलं एकच हाताशी असतं तर शोध सकाळपर्यंत सुरूही झाला नसता.

तुमच्या काळात

परत या, बूट घाला. शनिवारी रात्री कसारा लोकल आजही भरून जाते. माहुलीच्या अवघड टप्प्याला लोखंडी शिडी आहे, नळीच्या वाटेचे व्हिडिओ आहेत, बेलपाड्यात जेवणाची आणि वाटाड्याची सोय होते. मोबाइलमध्ये दुसऱ्या कोणाच्या तरी पावलांचा जीपीएस माग उतरवून घेता येतो आणि वाट विचारायची गरज उरली नाही असं वाटायला लागतं. पावसाळ्यात तोच माग तुम्हाला वाहत्या धबधब्यात घेऊन जातो. वाडीतल्या कोणीही सांगितलं असतं की आषाढात त्या नाळेत शिरायचं नाही.

नागनिकेपासून सावंतांपर्यंतची नावं मोठी आहेत आणि ती योग्यच मोठी आहेत. राणीने लेख कोरला म्हणून सातवाहनांचे यज्ञ आपल्याला ठाऊक आहेत. साईक्सने आणि भगवानलालांनी उतरवून घेतलं, वाचलं, म्हणून राणी ठाऊक आहे. कपाडियांनी वाट छापली म्हणून हजारो शहरी पाय इकडे वळले. प्रत्येकाने स्वतः चढून आलेली गोष्ट पुढच्याला वापरता येईल अशी ठेवली, आणि मोठेपण त्यात आहे. पण या सगळ्यांना पाणवठा दाखवणारा, सुटणारा दगड सांगणारा, पेटी वाहणारा माणूस दर वेळी त्यांच्या बाजूला होता आणि दर वेळी नोंदीबाहेर राहिला. तुम्ही स्वतः तो होऊन आलात, तेव्हा तुम्हाला हे कोणी पटवून द्यायला नको.

त्याचा उपाय अगदी साधा आणि तुमच्याच हातात आहे. ट्रेक झाला की तुम्ही माहिती लिहिताच: गाडी कितीची, चढण किती तासांची, पाणी कुठे, कठीण टप्पा कुठला. त्यात आणखी एक ओळ घाला. वाट कोणी दाखवली, कुठल्या वाडीतल्या माणसाने, आणि कुठल्या दगडापाशी काय सांगितलं. त्यांना विचारून, त्यांची हरकत नसेल तर नावासकट. क्लब असेल तर मोहिमेच्या अहवालात नेत्याच्या नावाखालची जागा त्यांना द्या आणि मानधन रोख, ठरल्याइतकं, तिथल्या तिथे चुकतं करा. पुढच्या वर्षी कोणी तीच नोंद वाचून येईल, त्या माणसाच्या दारात उभं राहील आणि नावाने हाक मारील.